वसईचे लाकूड, गोव्याचे गवंडी आणि मोंबासाचा किल्ला

गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतली पाच-सहा कुटुंबे मिळून वसईचा किल्ला पाहायला गेली होती. रविवारचा दिवस, लोकलला गर्दी कमी, बायकांनी भाकरी-चटणीचे डबे बांधून घेतलेले, पोरांच्या हातात बॅट-बॉल. किल्ल्यात शिरल्यावर आमच्यातली एक सहावीत शिकणारी मुलगी पडक्या कमानीकडे बघून म्हणाली, "हा किल्ला कोणी बांधला?" आम्ही शाळेत शिकलो होतो तेच उत्तर दिले, "पोर्तुगीजांनी." त्यावर आमच्यासोबत आलेले एक वृद्ध काका खो खो हसले. काकांचा सगळा जन्म गवंडीकामात गेला. म्हणाले, "पोर्तुगीजांनी दगड उचलला होय? चुन्याची घमेली कोणी वाहिली ते सांग पोरीला."

आम्हाला सांगता आले नाही. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, हे आपल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. पण कोट कोणी बांधला, समोरच्या खाडीत जहाजे कोणी बांधली, त्या सुतारा-लोहारांचे काय झाले, हे कोणत्या धड्यात आहे? काकांचा तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्याच्या मागे लागून वाचता वाचता आम्ही वसईतून निघालो ते थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोंबासाला जाऊन पोचलो.

मोंबासा हे नाव मुंबईच्या जुन्या गोदी कामगारांना नवे नाही. आजच्या केनिया देशाचे ते मोठे बंदर. मुंबईहून तिकडे 'करंजा', 'कंपाला' अशा नावांच्या बोटी १९७० नंतरही काही वर्षे जात-येत होत्या. आमच्या घरातले वडीलधारे गोदीत ओझी वाहायचे. "मोंबासाची बोट लागली" हे शब्द आम्ही लहानपणी ऐकलेले आहेत. त्या बोटी कुठे जातात, तिथे काय आहे, हे विचारायला मात्र कधी सुचले नाही.

मोंबासा हे एक बेट आहे. त्याच्या जुन्या बंदराच्या तोंडाशी प्रवाळाच्या खडकावर एक किल्ला उभा आहे. त्याचे नाव फोर्ट जीझस, म्हणजे येशूचा किल्ला. आज ते केनियाचे राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय आहे आणि २०११ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. देशोदेशीचे पर्यटक तिकीट काढून ते पाहतात. वरून पाहिले तर त्याचा आकार हात-पाय पसरून पडलेल्या माणसासारखा दिसतो, डोके समुद्राकडे. चार कोपऱ्यांना चार बुरूज, त्यांना ख्रिस्ती संतांची नावे. भिंती प्रवाळाच्या दगडाच्या. तोच दगड भट्टीत भाजून त्याचा चुना करायचा आणि त्याच चुन्यात तोच दगड बसवायचा, अशी त्या किनाऱ्यावरची बांधकामाची जुनी रीत आहे.

हा किल्ला १५९३ ते १५९६ या काळात उभा राहिला. वास्को द गामा १४९८ साली हिंदुस्थानला येताना याच किनाऱ्याने आला. पुढे गोवा, दमण, वसई पोर्तुगीजांच्या हाती आल्यावर हा किनारा म्हणजे त्यांच्या घराच्या वाटेवरचे नाके झाले. १५८० नंतरच्या दशकात मीर अली बे नावाचा तुर्की सरदार आपली जहाजे घेऊन या किनाऱ्यावर दोनदा उतरला, तेव्हा पोर्तुगीज दरबारला जाग आली. त्या वेळी पोर्तुगाल आणि स्पेन या दोन्ही गाद्या दुसऱ्या फिलिप राजाकडे होत्या. किल्ल्याचा नकाशा जोवान्नी बातिस्ता कैराती या इटालियन स्थपतीने काढला. तो पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील मुलखाचा मुख्य स्थपती. वसई, दमण, मस्कत इथल्या कोट-बुरुजांशीही त्याचे नाव जोडले जाते. म्हणजे आमच्या सहलीतल्या पोरांनी ज्या भिंतीवर चेंडू मारले ती आणि मोंबासाची भिंत एका घरातल्या म्हणायला हरकत नाही.

राजाचे नाव आहे, स्थपतीचे नाव आहे. आणि दगड कोणी घडवला? तर त्यासाठी गोव्यातून गवंडी नेले गेले आणि हाताखाली स्थानिक आफ्रिकी माणसे कामाला लावली गेली. पुस्तकांत हे एका ओळीत उरकलेले असते. गोव्यातून निघालेला गवंडी शिडाच्या जहाजात बसून अरबी समुद्र ओलांडतो, परक्या मुलखात तीन-तीन वर्षे प्रवाळाचा खडक फोडतो, तो परत आला का, त्याच्या घरच्यांनी किती वाट पाहिली, याला त्या ओळीत जागा नाही. काकांना हे सांगितले तेव्हा ते हसले नाहीत. "परगावच्या कामावर मुकादम पैसे दाबतो," एवढेच बोलले.

किल्ल्याच्या दरवाजावर मात्र एक शिलालेख आहे. तो १६३५ सालचा. फ्रान्सिश्कु दि सैशाश दि काब्रैरा नावाच्या किल्लेदाराने तो कोरवून घेतला. आपण सत्तावीस वर्षांचे असताना या किल्ल्याचे कप्तान झालो, किल्ला पुन्हा बांधला, किनाऱ्यावरच्या कोणकोणत्या राजांना वठणीवर आणून खंडणी द्यायला लावली, याची त्यात यादीच दिलेली आहे. वयासकट सगळे नोंदले, छिन्नी कोणी चालवली तेवढे राहिले.

पण हा किल्ला पुन्हा बांधावा का लागला? ती हकीगत मोठी वाईट आहे आणि तिचा अर्धा भाग आपल्या गोव्यात घडला आहे.

मोंबासाच्या सुलतानाचे आणि पोर्तुगीज किल्लेदाराचे बिनसले. सुलतान जिवाच्या भीतीने बेटावरून पळून पलीकडच्या मुलखात गेला. १६१४ साली पोर्तुगीजांनी तिथल्या लोकांना पैसे चारून त्याचा खून करवला आणि त्याचे मुंडके गोव्याला पाठवले. त्याचा मुलगा युसुफ तेव्हा लहान होता. त्यालाही गोव्याला नेले, मठातल्या पाद्र्यांनी वाढवले, त्याचा धर्म बदलला, नाव बदलून दों जेरोनिमो ठेवले, लग्न लावून दिले. पोर्तुगीजांच्या जहाजांवर त्याने चाकरीही केली. पुढे मोठा झाल्यावर त्याला मोंबासाच्या गादीवर बसवून परत पाठवले. आपण घडवलेला माणूस आपल्या ऐकण्यात राहील, असा हिशेब. पण तो बापाच्या कबरीवर जाऊन प्रार्थना करतो, अशी चुगली किल्लेदाराच्या कानावर गेली. आता पुन्हा आपल्याला गोव्याला पाठवणार, चौकशी होणार, हे युसुफला कळले. १६ ऑगस्ट १६३१ रोजी तो माणसे घेऊन किल्ल्यात शिरला, किल्लेदाराला त्याने भोसकले, आणि पुढच्या दिवसांत शहरातले पोर्तुगीज, त्यांच्या बायका-मुलांसह, कापले गेले. त्यांचा धर्म स्वीकारलेले आफ्रिकी लोकही त्यातून सुटले नाहीत.

बापाच्या खुनाचा सल आम्ही समजू शकतो. पण पाळण्यातल्या पोरांनी कोणाचे मुंडके कापले होते? सूडाची ही रीत आम्हाला कधी पटलेली नाही, ती कोणाकडूनही होवो. दुसऱ्या वर्षी गोव्याहून आरमार आले. त्याला किल्ला घेता आला नाही. पण युसुफलाही तिथे टिकता आले नाही. किल्ल्याची मोडतोड करून तो एका जहाजावरून निघून गेला आणि उरलेले आयुष्य त्याने समुद्रावर चाचेगिरी करत काढले. रिकाम्या किल्ल्यात पोर्तुगीज परत आले. मग तो शिलालेख.

यानंतरची गोष्ट वसईची. मार्च १६९६ मध्ये ओमानच्या अरबांनी या किल्ल्याला वेढा घातला. तो तेहेतीस महिने चालला. आत अन्न तुटले, त्याहून वाईट म्हणजे रोगाची साथ आली. १६९७ च्या पावसाळ्यापर्यंत आतले पोर्तुगीज शिपाई जवळजवळ सगळे मेले. किल्ला लढवायला राहिला तो फाझा गावचा एक स्वाहिली सरदार, त्याचे काही नातलग, मूठभर आफ्रिकी पुरुष आणि पन्नासएक आफ्रिकी बाया. इतिहासाच्या पुस्तकांत लढाईचा वीर म्हटला की दाढीवाला किल्लेदार दाखवतात. इथे ऐन कसोटीच्या वेळी तटावर बाया उभ्या होत्या, आणि त्यातल्या एकीचेही नाव कुठे लागत नाही. बरे, त्या कोणासाठी लढल्या? राजा पोर्तुगालात, हुकूम गोव्याचा. कदाचित त्या फक्त आपल्या जिवासाठी लढल्या असतील. बाहेर पडून जायचे तरी कुठे, हाही प्रश्न होताच.

या वेढ्यात गोव्याहून मदतीला जी जहाजे गेली त्यांत 'सांतो अंतोनिओ दि तान्ना' नावाचे लढाऊ जहाज होते. तान्ना म्हणजे आपले ठाणे; पोर्तुगीज कागदांत ठाण्याचे नाव असेच येते. हे जहाज १६८१ च्या सुमारास वसईला बांधले गेले, सागवानी लाकडात. १६९७ च्या उत्तरार्धात ते मोंबासाला किल्ल्याखाली नांगरून असताना नांगराचे दोर तुटले, जहाज किनाऱ्याकडे वाहत गेले, त्याचे सुकाणू निकामी झाले आणि शेवटी किल्ल्याच्या पायथ्याशीच बुडाले. किल्लाही फार दिवस टिकला नाही. १३ डिसेंबर १६९८ ला अरब आत शिरले तेव्हा आत जेमतेम डझनभर लढणारे उरले होते. थोड्याच दिवसांनी मदतीचे आणखी एक आरमार आले. बुरुजावर दुसरेच निशाण पाहून ते तसेच पुढे निघून गेले.

ते जहाज पावणेतीनशे वर्षे गाळात पडून होते. १९६० नंतर स्थानिक पाणबुड्यांच्या नजरेस ते आले आणि १९७७ ते १९८० या काळात पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी पाण्याखाली त्याचे रीतसर उत्खनन केले. तोफा मिळाल्या, चिनी मातीची भांडी मिळाली, आबनुसाचे ओंडके मिळाले, मातीचे मोठे रांजण मिळाले. या वस्तू किल्ल्यातल्या संग्रहालयात मांडलेल्या आहेत. जहाजाचा सांगाडा मात्र त्यांनी वर काढला नाही. इतके लाकूड पाण्याबाहेर काढले तर वाळून तडकते, ते टिकवायला फार खर्च येतो. म्हणून फळ्या मोजल्या, त्यांची चित्रे काढली आणि सांगाडा परत वाळूने झाकून ठेवला. वसईच्या सुताराने तासलेली फळी अजून तिथे, त्या किल्ल्याखाली, पाण्यात आहे. तासणाऱ्या हाताची खूण एखाद्या सांध्यात दिसली असेल, तर ती त्या पाणबुड्यांनी पाहिली.

पुढचे पावणेदोनशे वर्षांचे राजकारण आम्ही थोडक्यात सांगतो, कारण त्यात नुसती मालकांची अदलाबदल आहे. १७२८ साली पोर्तुगीज पुन्हा आले आणि १७२९ साली मोंबासाच्या लोकांनीच त्यांना कायमचे हाकलले. मग ओमानने नेमलेले मझरुई घराण्याचे सुभेदार स्वतंत्र होऊन बसले. १८३७ साली ओमान-झांझिबारच्या सुलतानाने त्यांना मोडून काढले आणि किल्ल्यात आपले शिपाई ठेवले. १८७५ मध्ये किल्ल्यातल्याच एका सरदाराने बंड केले, तेव्हा इंग्रजांच्या दोन लढाऊ जहाजांनी किल्ल्यावर तोफा डागल्या.

याच काळात या किनाऱ्यावर माणसांचा बाजार जोरात होता. आतल्या मुलखातून माणसे पकडून आणायची, शेतमळ्यांवर जुंपायची नाहीतर गलबतांत कोंबून पलीकडे विकायची. इंग्रजांचे आरमार अशी काही गलबते समुद्रात पकडत असे. त्यांतून सोडवलेल्या मुलांना पुष्कळदा मुंबईला आणून उतरवत, कारण त्यांचे गाव कोणते, आईबाप कुठे, हे कोणाला सांगता येत नसे. त्यातली कितीतरी मुले नाशिकला शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली. तिथे ती अक्षरे शिकली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. नाशिक म्हटले की आपल्याला १९३० चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवतो. त्याच गावात त्याच्या साठ-सत्तर वर्षे आधी आफ्रिकेतली ही मुले भात्याजवळ बसून लोखंड ठोकत होती, हे आम्हाला तरी इतके दिवस ठाऊक नव्हते.

जून १८७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाला गुलामांचा समुद्रमार्गे व्यापार बंद करण्याच्या तहावर सही करावी लागली. त्याच १८७३ साली महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी' पुण्यात छापून निघाली. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी निग्रोंना दास्यातून मुक्त केले त्यांना जोतीरावांनी ती अर्पण केली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पुढच्या एक-दोन वर्षांतच नाशिकला वाढलेली सुमारे दीडशे माणसे मोंबासाच्या समोर, खाडीपलीकडे, सुटलेल्या गुलामांसाठी वसवलेल्या फ्रीअरटाउन या वस्तीत राहायला गेली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्यावरून ते नाव पडले. तिकडचे लोक या माणसांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. म्हणजे इथे ती हबशी आणि तिथे मुंबईकर. त्या वस्तीत एक घंटा होती. गुलाम पकडणारे आले की ती वाजवून सगळ्यांना सावध करायचे. त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात, स्वाहिलीत 'केंगेले' म्हणजे घंटा.

नाशिकला वाढलेला विल्यम जोन्स हा त्यांच्यातला एक. मोंबासाजवळच्या रबाई गावी तो मिशनचे काम पाहत असे. मालकांच्या मळ्यांतून पळून आलेल्या गुलामांना तिथे आसरा मिळू लागला. शेकडो माणसे जमली. मालक हत्यारे घेऊन परत मागायला आले. शेवटी १८८९ च्या प्रारंभी इंग्रज कंपनीने पैसे मोजून चौदाशेच्या वर माणसांना मुक्तीचे कागद दिले. आता पैसे कोणाला मोजले हे लक्षात घ्या. मालकाला. त्याचे नुकसान झाले ना! ज्याची हाडे मळ्यात झिजली त्याला फक्त कागद. पुढे १९०७ साली त्या किनारपट्टीवर गुलामगिरी कायद्याने रद्द झाली, तेव्हाही भरपाई मालकांनाच मिळाली.

१८९५ पासून केनियात इंग्रजांचा अंमल बसला आणि किल्ल्याचा तुरुंग झाला. पुढच्याच वर्षी मोंबासाहून युगांडाकडे जाणारी रेल्वे सुरू झाली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून करारावर सुमारे ३२ हजार मजूर नेले. बहुतेक पंजाबकडचे. १९०१ पर्यंत त्यातले अडीच हजारांच्या आसपास मेले, म्हणजे दर बारा-तेरा माणसांमागे एक. तुरुंग १९५८ पर्यंत राहिला. तब्बल त्रेसष्ट वर्षे त्या भिंतींच्या आत कैदी होते, आणि गंमत अशी की त्या सगळ्या काळात वर फडकत होते ते झांझिबारच्या सुलतानाचे लाल निशाण, कारण किनारपट्टी कागदोपत्री त्याची आणि कारभार इंग्रजांचा. १९६३ साली केनिया स्वतंत्र झाला तेव्हा हे नाटक संपले.

१९५८ मध्ये कैदी हलवले, किल्ला राष्ट्रीय स्मारक ठरला. पोर्तुगालच्या गुल्बेंकियान प्रतिष्ठानाने डागडुजीसाठी ३० हजार पौंड दिले. जेम्स कर्कमन या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली आतल्या तुरुंगाच्या बराकी पाडून जुने पाये मोकळे केले आणि १९६२ साली संग्रहालय लोकांना खुले झाले.

त्या संग्रहालयातली आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट सोन्याची नाही की तोफेची नाही. पहाऱ्यावरच्या साध्या पोर्तुगीज शिपायांनी भिंतीच्या गिलाव्यावर कोळशाने आणि काव्याने चित्रे काढली होती, ती तिथे जपून ठेवली आहेत. जहाजे आहेत, चर्चे आहेत, माणसे आहेत, एक सरडाही आहे. वेळ जात नाही, घर आठवते, हातात कोळसा आहे, मग भिंत रंगवायची. आपल्या गिरण्यांच्या खात्यात आणि गोदीच्या शेडमध्ये अशी चित्रे आम्ही स्वतः पाहिली आहेत. कुठे होडी, कुठे गावचे देऊळ, कुठे बुद्धाचा चेहरा, कुठे नुसते नाव आणि तारीख. गिरण्या पाडल्या तेव्हा ती कोणी जपली नाहीत.

वसईच्या किल्ल्यात असे संग्रहालय नाही. पडक्या भिंती, झाडे, फोटो काढायला येणारी जोडपी, आणि बाहेर खाडीवर कोळ्यांच्या होड्या. परतताना काका किनाऱ्यावर थोडा वेळ थांबले आणि एका नव्या होडीच्या फळीवरून हात फिरवून आले.

आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी गोदीत, जहाजावर, होड्या बांधण्याच्या कामावर किंवा किल्ल्यांच्या दुरुस्तीवर राबलेली माणसे असतील, त्यांनी त्यांच्याकडून ऐकलेले लिहून पाठवावे. कोणत्या साली, कोणत्या कामावर, मजुरी किती आणि मुकादम कोण, एवढे असले तरी पुरे. लिहिता येत नसेल तर मुलांकडून लिहून घ्यावे. काकांचे आम्ही लिहून घ्यायला सुरुवात केली आहे. त्यांना गावाची नावे आठवतात, साले आठवत नाहीत. ती आम्ही त्यांच्या मुलांच्या जन्मावरून लावतो आहोत.